पाली शिकवणारे गुरुजी पुन्हा शिकायला बसले
(धर्मानंद कोसंबी यांच्या विद्यायात्रेची कथा)



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका निघणार, आणि तुम्ही भाषेचे मास्तर आहात तेव्हा भाषेवरच काहीतरी लिहा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. निवृत्त झाल्यावर विहारातल्या रविवारच्या पाली वर्गात येऊन बसू लागलो. पहिल्या दिवशी वर्गात आमच्या गल्लीतल्या एक आजी होत्या. त्या हसून म्हणाल्या, "काय मास्तर, तुम्ही बी शिकायला ? आता या वयात काय शिकायचं आन् कुठं परीक्षा द्यायची ?" मी त्यांना तेव्हा काही उत्तर दिलं नाही. कारण खरं सांगायचं तर मलाही थोडी लाजच वाटत होती. जन्मभर फळ्यापुढे उभं राहिलेल्या माणसाला बाकावर बसायचं म्हणजे जरा जड जातं.

तरी बसलो. बसलो म्हणून एक गोष्ट कळली. लहानपणापासून आपण 'दुतियम्पि' आणि 'ततियम्पि' म्हणत आलो, पण त्यातला शेवटचा 'पि' म्हणजे 'सुद्धा', हे मला साठीनंतर कळलं. दुसऱ्यांदासुद्धा, तिसऱ्यांदासुद्धा. म्हणजे एकदा म्हणून भागत नाही, पुन्हा पुन्हा म्हणायचं असतं. घरी येऊन मी विचार करीत बसलो की ही पाली भाषा आपल्या मराठी मुलुखात परत आली कशी ? इथल्या लेण्यांच्या भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीचे प्राकृत लेख कोरलेले आहेत, पण मधल्या शेकडो वर्षांत इथे तिपिटक वाचणारा माणूस उरला नव्हता. मग ती परत कोणी आणली ? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा जे नाव सर्वांत आधी समोर आलं ते आचार्य धर्मानंद कोसंबी यांचं. आजींना द्यायचं राहिलेलं उत्तरही त्यांच्याच चरित्रात सापडलं. म्हणून हा लेख.

सांखवाळचा मुलगा

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांखवाळ या गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. घराणं सारस्वत ब्राह्मणाचं, पण श्रीमंती नव्हती. नारळाच्या बागा आणि त्यांची कामं, हाच संसार. घरात बोलायची भाषा कोकणी आणि वाचायची भाषा मराठी. शाळेचं शिक्षण फार झालं नाही. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी, १८९१ साली, बाळाबाईंशी लग्न झालं. मुलगा वाचनाचा वेडा. तुकोबांची गाथा आणि मिळतील ती मराठी पुस्तकं वाचायची आणि बागेत नारळ मोजायचे, असे दिवस चालले होते.

अशात 'बालबोध' नावाच्या मुलांच्या मराठी मासिकात भगवान बुद्धाचं छोटंसं चरित्र त्यांच्या वाचनात आलं. मासिक लहान मुलांचं आणि वाचणारा विशीतला बाप्या. पण त्या चार पानांनी त्यांच्या मनाचा ताबा घेतला. या महापुरुषाची शिकवण मुळातून समजून घ्यायची, असा त्यांनी निश्चय केला. मूळ पाहायचं तर भाषा यायला पाहिजे, आणि गावात ना शाळा, ना गुरू, ना पुस्तक.

इथे आपल्याला आणखी एक मुलगा आठवल्याशिवाय राहत नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. तेही मराठीच. एक पुस्तक योग्य हातात पडलं तर काय होतं, याची ही दोन उदाहरणं आहेत. म्हणून आपल्या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर धूळ बसू देऊ नका, एवढं जाता जाता सांगतो.

घर सोडलं, पण विद्येसाठी

१८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, धर्मानंदांनी घर सोडलं. घरी तरुण बायको आणि माणिक नावाची तान्ही मुलगी होती. ते पुण्यास आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. आधी संस्कृत शिकावं असं ठरलं. पुण्याहून मजल दरमजल करीत ते काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवायचं आणि पंडितांकडे व्याकरण घोकायचं, असा क्रम.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. काशीच्या त्या अन्नछत्राचं दार कोसंबींना उघडं होतं, कारण ते ब्राह्मण होते. पंडितांच्या ओसरीवर बसायला मिळालं तेही त्याच कारणाने. आपल्या आज्या-पणज्यांच्या पोरांना त्या ओसरीची पायरीसुद्धा चढता येत नव्हती. खुद्द बाबासाहेबांना शाळेत असताना संस्कृत शिकायचं होतं, पण अस्पृश्य म्हणून शिकू दिलं नाही, नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत मिळवलंच, पण स्वतःच्या हिमतीवर. तेव्हा कोसंबींचे कष्ट मोठे होतेच, पण आपल्या माणसांच्या वाटेवर कष्टांच्या आधी भिंत होती, हे विसरून चालणार नाही. कोसंबींचा मोठेपणा असा की जे दार आपल्याला जातीमुळे उघडलं, त्यातून आत जाऊन जे मिळालं ते त्यांनी जातीपुरतं ठेवलं नाही. ते कसं, ते पुढे येईलच.

संस्कृत येऊ लागलं, पण त्यात बुद्ध सापडेना. १९०२ साली ते नेपाळात गेले. तिथे धम्माची जी अवस्था दिसली तिने निराशाच झाली. मग बोधगया. तिपिटक शिकायचं तर सिलोनला गेलं पाहिजे, असं कळलं. सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. खिशात पैसा नाही, तिथली भाषा ठाऊक नाही, तरी हा माणूस निघाला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविर हे त्या काळचे मोठे विद्वान होते. त्यांच्या चरणी बसून १९०२ साली कोसंबींनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला.

आपल्याला वाटेल, संस्कृत येणाऱ्याला पाली काय अवघड ? शब्द ओळखीचे वाटतात हे खरं. धर्म चा धम्म, भिक्षु चा भिक्खु, शरण चं सरण. पण पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. सिलोनात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या गोल गोल अक्षरांत, सयामात तिसऱ्याच लिपीत आणि युरोप-अमेरिकेत रोमन अक्षरांत. म्हणजे ज्या देशात जाल तिथे पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात. काशीत व्याकरण घोकलेला पंचविशीचा गृहस्थ कोलंबोत पहिलीतल्या पोरासारखा अक्षरं गिरवू लागला. पुढे ब्रह्मदेशात गेला आणि तिथे पुन्हा गिरवू लागला. तिथल्या भिक्खूंच्या सहवासात त्यांनी ग्रंथांबरोबर ध्यानाचाही अभ्यास केला.

शिक्षक झाले, आणि पुन्हा विद्यार्थी

१९०६ साली ते कलकत्त्याला आले. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. तिथे नव्याने निघालेल्या नॅशनल कॉलेजात ते पाली शिकवू लागले, पुढे कलकत्ता विद्यापीठातही शिकवलं. चीवर त्यांनी उतरवलं होतं. गोव्याला जाऊन बाळाबाईंना भेटले आणि त्यांना कलकत्त्याला घेऊन आले. १९०७ साली मुलगा झाला, तो दामोदर. म्हणजे पुढे जगभर गाजलेले गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी.

कलकत्त्याची नोकरी चांगली होती. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, झालं आता, संसार मांडला, पगार सुरू झाला. पण कोसंबींच्या मनाला एक टोचणी होती. आपण शिकलो ते महाराष्ट्राच्या, मराठी माणसाच्या काय कामाचं ? अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले, ते महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहावेत म्हणून. कोसंबींनी कलकत्त्याचा जास्तीचा पगार सोडला आणि पन्नास रुपयांवर इकडे आले. बडोद्याला दिलेल्या व्याख्यानांचं 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० साली निघालं. मूळ पाली वाचलेल्या माणसाने मराठीत धम्म सांगितला, तो असा.

याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली आपले बाबासाहेब अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले, हे तर घरातल्या लहान पोरालाही माहीत आहे. कोसंबी त्याआधी, १९१० साली, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पोहोचले होते आणि १९१२ साली परत आले. दोघांची अमेरिकेत चुकामूक झाली म्हणायची, एका वर्षाने.

हार्वर्डला काम होतं 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचं. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिलोनातल्या अनुराधपुरात हा ग्रंथ रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांची त्यात तेवीस प्रकरणांत फोड केलेली आहे. वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने त्याची शुद्ध प्रत तयार करण्याचं काम हाती घेतलं होतं, पण १८९९ साली ते वारले. सिंहली आणि ब्रह्मी लिपीतली हस्तलिखितं शब्दाशब्दाने ताडून पाहायची, कुठे लेखकाचा हात चुकला ते शोधायचं, असं हे डोळे फोडणारं काम. ते अर्धं राहिलेलं काम पुरं करायला माणूस हवा होता, आणि तो सापडला गोव्याच्या नारळबागेतला. या माणसाकडे कुठल्याही विद्यापीठाची पदवी नव्हती, हे लक्षात ठेवा. हार्वर्डमध्ये पंडित म्हणून गेले, आणि गेल्यावर तिथे इंग्रजी शिकत बसले. समाजवादावरची पुस्तकंही वाचू लागले. पुस्तकावर कोणाचं नाव कसं यावं यावरून तिथल्या प्राध्यापकांशी मतभेद झाले आणि ते काम तसंच टाकून परतले.

१९१२ ते १९१८ अशी सहा वर्षं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठात पाली विषय तेव्हा नवीनच सुरू झाला होता, त्याला शिकवणारा माणूस मिळाला. त्यांच्या हाताखाली शिकलेले पु. वि. बापट पुढे पालीचे मोठे पंडित झाले. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली तेव्हा, १९५६ साली, भारत सरकारने इंग्रजी ग्रंथ काढला, त्याचे संपादक हेच बापट. त्यांनीही आपल्या गुरूसारखंच केलं. आधी पाली शिकवली, मग हार्वर्डला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले आणि डॉक्टर होऊन आले. गुरूने बाकावर बसायची लाज सोडली की शिष्यही सोडतो.

१९१८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कोसंबी पुन्हा हार्वर्डला गेले, चार वर्षांसाठी. या खेपेस मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना बरोबर नेलं. माणिकने तिथल्या कॉलेजातून पदवी घेतली. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडची मुलगी अमेरिकेत शिकली, ही साधी गोष्ट नाही. १९२२ ला परत येऊन ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात राहिले. १९२६ ला पुन्हा हार्वर्ड. १९२९ ला रशियातलं लेनिनग्राड. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा शिरोड्याला उतरले, तुरुंगात गेले. आणि सुटल्यावर १९३१ साली, पंचावन्नाव्या वर्षी, चौथ्यांदा हार्वर्डला जाऊन ते 'विसुद्धिमग्गा'चं राहिलेलं काम पुरं करून आले. सुरुवात केली तेव्हा तेहतीस वर्षांचे होते, पुरं केलं तेव्हा पंचावन्नाच्या पुढे. आणि ते छापून निघालं १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. स्वतःच्या हयातीत त्यांनी पाहिली ती देवनागरी अक्षरांतली आवृत्ती. ती मुंबईत १९४० साली निघाली. सिंहली आणि ब्रह्मी लिपी न येणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्याला तो ग्रंथ आपल्या अक्षरांत वाचता यावा, म्हणून.

माहेरी राहिलेली बाई

आतापर्यंतचं वाचून कोणाही भगिनीच्या मनात एक प्रश्न आला असेल. माझ्या पत्नीने तर हा लेख ऐकता ऐकताच विचारला. "अहो, ते शिकत फिरले, मग बाळाबाईंचं काय ?"

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चरित्र सांगणं खोटेपणा होईल. धर्मानंद घर सोडून गेले तेव्हा बाळाबाई तान्ह्या मुलीला घेऊन राहिल्या. वर्षानुवर्षं नवरा कुठे आहे, परत येणार की भिक्खू होऊनच राहणार, याची खात्री नाही. लोकांची बोलणी खायची ती वेगळीच. पुढे संसार जमला, पण १९१८ साली ते अमेरिकेला गेले तेव्हाही बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन इकडेच राहिल्या. हार्वर्डच्या ग्रंथावर त्यांचं नाव नाही. पण ती वर्षं त्यांचीही खर्च झाली आहेत.

आणि हे वाचताना आपल्याला दुसरं घर आठवतं, परळच्या चाळीतलं. बाबासाहेब १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. चांगला पगार सुरू झाला. पण लंडनचं शिक्षण अर्धं राहिलं होतं. त्यांनी पगारातले पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेतली, आणि १९२० साली प्राध्यापकी सोडून पुन्हा विद्यार्थी म्हणून लंडन गाठलं. बॅरिस्टर होऊनच ते परत आले. त्या दिवसांत माता रमाईने घर कसं चालवलं, हे आपल्या बायकांना मी सांगायला नको. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत आणि गाण्यांत ते सगळं आहे.

मी दोघांची तुलना करीत नाही. कोसंबी ज्ञानाच्या ओढीने घर सोडून गेले. बाबासाहेब कोट्यवधी लोकांच्या गुलामीचं कुलूप तोडायची किल्ली आणायला गेले. पण दोन्ही घरांत एक माणूस शिकावा म्हणून दुसऱ्या माणसाने पोटाला चिमटा घेतला, ही गोष्ट सारखीच. म्हणून म्हणतो, आता आपल्या घरात उलटं होऊ द्या. ज्या आया आणि आज्या आपल्याला शिकवताना स्वतः अडाणी राहिल्या, त्यांना रविवारचा तासभर वर्गात येऊ द्या. त्या वेळी भाकरी कोणी थापायची, याचा विचार घरातल्या पुरुषांनी करावा. मी सध्या वरण-भात शिकलो आहे. भाकरी अजून जमत नाही.

जे मिळालं ते मराठीत दिलं

विनयपिटकात एक कथा आहे. यमेळु आणि तेकुल नावाचे दोन भाऊ जन्माने ब्राह्मण, पुढे भिक्खू झालेले. ते भगवंताला म्हणाले, वेगवेगळ्या कुळांतले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात. आपण ते वेदांसारख्या छंदाच्या भाषेत घालू या. तथागताने त्यांना साफ नकार दिला आणि बुद्धवचन आपापल्या भाषेत शिकायला परवानगी दिली. धम्म थोड्या पंडितांच्या कुलपात जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

कोसंबींनी हे आयुष्यभर पाळलं असं म्हणता येईल. संस्कृत येत होतं, इंग्रजी येऊ लागलं होतं, परदेशी विद्वानांत नाव झालं होतं. तरी 'बुद्धलीलासारसंग्रह', 'बौद्धसंघाचा परिचय', 'भगवान बुद्ध' ही सगळी पुस्तकं त्यांनी मराठीत लिहिली, साध्या वाक्यांत. 'निवेदन' हे त्यांचं आत्मचरित्र १९२४ साली निघालं, त्याची मराठीही अशीच सरळ आहे. स्वतःच्या चुका आणि मनाचा दुबळेपणा त्यात लपवलेला नाही. मी मराठीचा मास्तर म्हणून सांगतो, मुलांना निबंध कसा लिहावा हे दाखवायचं असेल तर त्यातलं एखादं प्रकरण वाचायला द्या.

१९४०-४१ साली दोन भागांत निघालेल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी एक धाडसाचं काम केलं. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. कोसंबींनी पाली ग्रंथ चाळून दाखवलं की ही मागाहून आलेली दंतकथा आहे. माणसं पाण्यातल्या माशांसारखी एकमेकांशी झगडताना पाहून सिद्धार्थाचं मन विटलं, याचा पुरावा त्यांनी सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्तात दाखवला. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच विचारलं आहे की, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता हे कसं पटावं ? आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या वादाची हकीकत त्यांनी आपल्यापुढे ठेवली. भाषा येते तो माणूस असं तपासून पाहू शकतो. भाषा न येणाऱ्याला दुसरा सांगेल त्यावर मान डोलवावी लागते. आपल्या समाजाने हजारो वर्षं मान डोलवली, आणि त्याची किंमत मोजली.

१९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर थोड्याच काळात, १९३७ साली, मुंबईत परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' उभा राहिला आणि कोसंबी तिथे राहू लागले. प्राध्यापकाने बंगल्यात राहावं तर हे गिरणगावात आले, श्रमिकांत आणि दलितांत बसून धम्म सांगू लागले. काशीच्या ओसरीवर जे शिकले होते ते त्या ओसरीची पायरी न चढू दिलेल्यांच्या वस्तीत घेऊन आले, असं मला त्यात दिसतं. त्यांचं राजकारण गांधीजींच्या बाजूचं होतं, आपला मार्ग बाबासाहेबांचा. हा फरक आहे आणि तो झाकायचं कारण नाही. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला, तेही मध्यम मार्गाने चालणाऱ्या आपल्याला पटेलच असं नाही. पण पटलेलं घ्यावं आणि ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सांगावं, एवढी कृतज्ञता आपल्याला धम्मानेच शिकवली आहे.

आजींना उत्तर

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी पाली शब्दांत त्रिसरण-पंचशील घेतलं. ज्यांच्या कानांवर संस्कृतचा शब्द पडू दिला नव्हता त्यांच्या ओठांवर त्या दिवशी बुद्धाच्या काळातले शब्द आले. बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, डोळे आणि पाय दुखत असताना, पालीचा कोश आणि व्याकरण यांचं काम केलं. ते त्यांच्या पश्चात, १९९८ साली, महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापून आलं. घटना लिहिलेला माणूस साठीच्या उंबरठ्यावर शब्दांची रूपं लिहीत बसतो, ते कोणासाठी ? आपल्यासाठीच ना ?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. बातमी वाचून आनंद झाला, आपण पेढेही वाटले. पण दर्जा कागदावर राहतो, भाषा वर्गात राहते. आपल्या रविवारच्या वर्गात कधी नऊ जण असतात, कधी चार. पाऊस असला की मी आणि आजी, दोघंच.

हो, आजी अजून येतात. त्यांना मी परवा उत्तर दिलं. म्हटलं, "आजी, तुम्ही रोज पंचशील म्हणता, त्यातल्या प्रत्येक शीलाच्या शेवटी 'सिक्खापदं समादियामि' येतं. सिक्खा म्हणजे शिकणं. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम, आणि समादियामि म्हणजे तो मी अंगावर घेतो. म्हणजे रोज सकाळी पाच वेळा तुम्ही म्हणताच की मी शिकायला तयार आहे. पालीत धम्ममार्गावर लागलेल्या, पण अजून अरहंत न झालेल्या आर्यश्रावकाला 'सेख' म्हणतात, शिकणारा. अरहंत झाला की मगच त्याचं शिकणं संपतं. मग तुमचं-माझं इतक्यात कसं संपेल ?"

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग वही उघडून म्हणाल्या, "म्हंजे चाळीस वर्षं मी म्हणत होते, आन् मलाच ठाव नव्हतं." आणि त्यांनी वहीत 'सिक्खा' हा शब्द लिहिला. जोडाक्षर चुकलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. दुसऱ्या वेळी बरोबर आलं.

बंधू-भगिनींनो, या वर्धापन दिनी विहाराला रंग द्यायचा आहे, पंखे बसवायचे आहेत, त्यासाठी आपण वर्गणी देऊच. त्याबरोबर घरटी एक माणूस पाली वर्गाला द्या. वयाची अट नाही. मास्तर असला तरी चालेल.

नमो बुद्धाय ! जयभीम !